बिलं हातात आहेत, म्हणजे सुटका झाली का? बदनामीच्या कायद्यातले बचाव आणि व्हायला हवेत ते बदल

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. लिफ्ट दुरुस्तीचं एकच काम दोन बिलांवर दाखवलंय, असं तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलंत. खाली ‘सेक्रेटरींनी पैसे खाल्ले’ हेही लिहिलंत. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत लेखी माफी मागा, नाहीतर फौजदारी फिर्याद आणि वर पंचवीस लाखांचा दावा. तुम्ही विचारताय की बिलं माझ्याकडे आहेत, म्हणजे मी सुटले ना? आणि कायदा बदलला, अजून बदलणार आहे असं ऐकते, त्याचा मला काही उपयोग आहे का?

मी बावीस वर्षं जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करतोय. बदनामीच्या फिर्यादी दोन्ही बाजूंनी चालवल्या आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दिवाणी दाव्यात बऱ्याच अंशी हो, फौजदारी फिर्यादीत मात्र नाही. दिवाणी दाव्यात विधान खरं आहे हे तुम्ही सिद्ध केलंत की विषय संपला. फौजदारीत तसं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि जुनी ४९९ आणि ५०० ही कलमं आता कलम ३५६ मध्ये आली. व्याख्या तीच, आणि ज्यात विधान बदनामी ठरत नाही असे दहा अपवादही तेच. पहिला अपवाद सांगतो की विधान खरं असावं आणि ते सार्वजनिक हितासाठी केलेलं असावं. दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. नुसतं खरं असून भागत नाही.

ही दुसरी अट सुरुवातीला नव्हती, हे फार थोड्यांना माहीत असतं. मॅकॉलेच्या आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा जो मसुदा केला, त्यात खरी गोष्ट सांगणं ही बदनामीच नाही, अशी सरळ भूमिका होती. १८६० साली कायदा झाला तेव्हा त्यात ‘सार्वजनिक हिता’ची पुरवणी जोडलेली होती. तीच अट २०२३ साली, नवी संहिता आपल्याच संसदेत मंजूर होताना, जशीच्या तशी उचलली गेली. ब्रिटिशांची छाप पुसायची म्हणून कायदा नव्याने लिहायला घेतला, मग ही एक ओळ तरी तपासायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडने स्वतः बदनामीचा फौजदारी गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. श्रीलंकेने तो २००२ सालीच काढून टाकला होता.

शिक्षेत एक बदल झालाय: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, याच्या जोडीला आता ‘समाजसेवा’ हाही पर्याय आहे. वर्तमानपत्रांनी यावर बरंच लिहिलं. पण या खटल्यांत शिक्षा हा त्रासाचा मुख्य भाग कधीच नसतो.

माझा एक अशील होता, तालुक्याच्या गावातल्या साप्ताहिकाचा बातमीदार. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरच्या लॉगबुकमध्ये एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच गाडी दोन गावांत दाखवली होती. त्याने दोन्ही पानांचे फोटो छापले. ठेकेदाराने फिर्याद केली. पडताळणी जबाब (फिर्यादीचा शपथेवरचा जबाब) झाला, समन्स निघालं आणि हा माणूस आरोपी झाला. त्यानंतर सहा वर्षं दर दीड-दोन महिन्यांनी तो सकाळची सातची एसटी धरून यायचा, अकराच्या पुकाऱ्यासाठी साडेनवापासून व्हरांड्यात बसायचा. कधी फिर्यादी गैरहजर, कधी त्याच्या वकिलाचा मुदतीचा अर्ज, कधी साहेब रजेवर. बातमीचं कात्रण पुराव्यात निशाणी २४ म्हणून लागलं होतं. उलटतपासासाठी ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा घडीवर फाटत होतं. शेवटी तो निर्दोष सुटला. निकाल ऐकून त्याने विचारलं, “साहेब, आता पुढच्या तारखेला यायचं नाही ना?” टँकरवर त्याने पुन्हा ओळही लिहिली नाही. संपादकांनीही त्याला लिहायला सांगितलं नाही.

बचाव त्याच्याकडे होता. पहिल्या दिवसापासून होता. फक्त तो ऐकायची वेळ सहाव्या वर्षी आली. बदनामीच्या कायद्यात काय बदलायला हवं असं कुणी विचारलं, तर मी कलमाच्या आधी या क्रमाकडे बोट दाखवतो.

कारण असं आहे. एखादा अपवाद लागू होतो हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १०८ आहे. आरोपीला सरकार पक्षाइतकं काटेकोर सिद्ध करावं लागत नाही, त्याची बाजू अधिक संभाव्य वाटली तरी पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने हरभजन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९६५ सालीच सांगितलंय. पण हे दाखवायचं तर साक्षीपुरावा व्हावा लागतो, आणि तो खटला उभा राहिल्यावरच होतो. त्यात हा समन्स खटला, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांचा, थोडक्या पद्धतीने चालणारा. एकदा प्रोसेस, म्हणजे समन्स, निघाली की त्याच मॅजिस्ट्रेटपुढे ‘मला वगळा’ म्हणायची सोय नव्हती. अदालत प्रसाद खटल्याच्या २००४ च्या निकालानंतर ते दार बंद झालं होतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ ने ते जरा उघडलंय: आरोप बिनबुडाचा वाटला तर मॅजिस्ट्रेट कारणं लिहून आरोपीला सोडू शकतो. तसं झालं नाही तर सत्र न्यायालयात रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) करा, नाहीतर उच्च न्यायालयात फिर्याद रद्द करायला जा. तालुक्याच्या बातमीदाराला किंवा सोसायटीच्या सभासदाला हे परवडतं का?

म्हणून नव्या कायद्यातला तुमच्या खऱ्या उपयोगाचा बदल ३५६ मध्ये नाहीच. तो त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम २२३ मध्ये आहे. खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी, असं आता त्यात लिहिलंय. आधी असं काही नव्हतं, समन्स दारात येईपर्यंत फिर्यादीचा पत्ताही लागायचा नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बदनामीच्याच एका फिर्यादीत क्रम स्पष्ट केला: आधी फिर्यादीचा शपथेवरचा जबाब, मग आरोपीला नोटीस, आणि नोटिशीसोबत फिर्याद आणि जबाबाच्या प्रती. या टप्प्यावर मॅजिस्ट्रेटने बचावाच्या किती खोलात जायचं, हे कलमात लिहिलेलं नाही. पण तुमची दोन्ही बिलं पहिल्याच दिवशी कोर्टापुढे ठेवायची जागा तर मिळाली. ती वाया घालवू नका.

आता ‘कायदा बदलणार’ याबद्दल. सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी आणि अरविंद केजरीवाल यांच्यासह अनेकांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ ला फौजदारी बदनामीचं कलम घटनात्मक ठरवलं. प्रतिष्ठा हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हा त्यामागचा मुख्य विचार. त्यानंतर बिजू जनता दलाचे खासदार तथागत सत्पथी यांनी हा गुन्हाच रद्द करून दिवाणी बदनामीचा नीट लेखी कायदा करण्यासाठी खासगी विधेयक पुढे केलं, ते पुढे सरकलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाचा २८५ वा अहवाल आला: गुन्हा ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयातच न्या. सुंदरेश सुनावणीत म्हणाले की आता हे सगळं गुन्ह्यातून काढायची वेळ आली आहे. हे तोंडी मत आहे, निकाल नाही. सांगायचं म्हणजे, तुमचा खटला उभा राहिलाच तर तो आजच्याच कायद्याने चालेल.

हा गुन्हा राहूच नये, असं माझं मत आहे. पण समोरच्या बाजूचा एक मुद्दा मला सोडवत नाही. गावात एखाद्या विधवेबद्दल कुणी काहीबाही पसरवलं, तर वकील, कोर्ट फी आणि दहा वर्षं घालवून दिवाणी दावा करणं तिला शक्य नसतं. फौजदारी फिर्याद तिला स्वस्त पडते. अशी एक फिर्याद मी स्वतः चालवली आहे. त्या बाईंना कुणाला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. ज्या चौकात ते बोललं गेलं, त्याच चौकात ‘मी खोटं बोललो’ हे त्याने म्हणावं, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती आजच्या कायद्यात कुठेच बसत नाही. गुन्हा काढायचा तर त्या जागी जाहीर दुरुस्ती आणि माफी लवकर मिळवून देणारा साधा, स्वस्त दिवाणी मार्ग आधी उभा करायला हवा.

आणि दिवाणी म्हणजे आपोआप सौम्य, असंही समजू नका. २००८ साली एका इंग्रजी वृत्तवाहिनीने बातमीत भलत्याच न्यायमूर्तींचं छायाचित्र दाखवलं, साधारण पंधरा सेकंद. ते छायाचित्र निवृत्त न्या. पी. बी. सावंत यांचं होतं. २०११ साली पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटींची भरपाई दिली. अपील ऐकण्याआधी २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी भरा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. चूक वाहिनीची होती आणि सावंतांचं दुःख खरं होतं, यात मला शंका नाही. पण हाच आकडा जिल्ह्याच्या दैनिकावर लागला तर ते दुसऱ्या दिवशी बंद पडेल. भरपाईला काही मोजमाप हवं. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्यात प्रतिष्ठेला ‘गंभीर हानी’ झाल्याचं दाखवल्याशिवाय दावा टिकत नाही, आणि लोकहिताच्या विषयावर वाजवी विश्वासाने छापलं असेल तर तो स्वतंत्र बचाव आहे. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं तत्त्व १९९४ च्या राजगोपाल खटल्यात आलं: सरकारी पदावरच्या माणसाच्या कामाबद्दल वाजवी खातरजमा करून लिहिलं असेल, तर तपशिलात चूक निघाली तरी भरपाई मागता येत नाही. पण ते दिवाणी दाव्यांपुरतं. फौजदारी कलमात ते कधी उतरलंच नाही, आणि माझ्या मते पहिली दुरुस्ती हीच व्हावी. पहिल्या अपवादातली ‘सार्वजनिक हिता’ची अट निघावी, आणि खातरजमा करून लिहिणाऱ्याची चूक गुन्हा ठरू नये.

बदल वाईटही असू शकतात, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९८८ साली राजीव गांधी सरकारने बदनामीचं विधेयक लोकसभेत मंजूरही करून घेतलं होतं. देशभरचे पत्रकार रस्त्यावर उतरले आणि ते मागे घ्यावं लागलं.

आता तुमचं प्रकरण. तुमच्या मेसेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एका कामाची दोन बिलं आहेत, खुलासा करा’ हे तुम्ही कागदावर दाखवू शकता. ‘पैसे खाल्ले’ हे नाही. दोन बिलं टायपिंगच्या चुकीनेही निघतात, दुसरं बिल रद्दही झालेलं असू शकतं, आणि पैसे कुणाच्या खिशात गेले हे तुम्ही पाहिलेलं नाही. पहिल्या वाक्यावर ठाम राहा. दुसरं मागे घ्या, त्याच ग्रुपवर, साध्या शब्दांत. ही नोटिशीत मागितलेली माफी नव्हे, ती तशी देऊही नका.

तुमचा जास्त भक्कम बचाव पहिल्या अपवादात नाही, आठव्या आणि नवव्यात आहे. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावाने केलेली तक्रार हा आठवा. स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावाने केलेलं विधान हा नववा. सोसायटीचा पैसा सभासदांचा, ग्रुप सभासदांचा, म्हणजे नववा तुम्हाला लागू पडायला जागा आहे. तोच मेसेज माहेरच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर गेला असेल तर ती जागा आक्रसते, म्हणून कुठेकुठे फॉरवर्ड केलाय ते आजच आठवून काढा. आणि सद्भाव म्हणजे मन साफ असणं एवढंच नव्हे. कायद्यात त्याचा अर्थ योग्य काळजी आणि लक्ष असा आहे. कोर्ट विचारणार, लिहिण्याआधी तुम्ही हिशेब मागितला होता का? मागितला असेल तर तो अर्ज शोधा. नसेल तर आता लेखी मागा, सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे, आणि उत्तर आलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.

ग्रुपच्या अॅडमिन काकूंना घाबरायचं कारण नाही. केवळ अॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मेसेजची जबाबदारी येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय.

दिवाणी दाव्याची मुदत मेसेजच्या तारखेपासून एक वर्ष, फौजदारी फिर्यादीची तीन वर्षं. तोवर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात चालत नाही, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते देताना मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं. सेक्रेटरींचे आधीचे मेसेज, विशेषतः लिफ्टच्या खर्चाबद्दल त्यांनी स्वतः लिहिलेले, सगळे जपून ठेवा. नोटिशीचं उत्तर वकिलामार्फत स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा, आणि उत्तराला बिलांच्या प्रती जोडा. पुढे २२३ ची नोटीस आलीच तर तेच उत्तर कोर्टापुढे तुमचा पहिला कागद असेल.