पाचवा प्रश्न

पोरी,

तुझ्या त्या एचआयव्हीच्या पेशंटबद्दलचा मेसेज दोनदा वाचला. "ताई, त्याची बायको माहेरी गेली, भावानं ताट वेगळं केलं, ट्रकवरचं काम सुटलं. आता बिडीही सोड म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?" आधी वाईट वाटलं, मग तुझा रागच आला. त्याच्या माणसांनी त्याची आशा सोडलीच आहे, आता तूही सोडतेस?

एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, कितीही गर्दी असो, टीबीचे चार प्रश्न आपण चुकवत नाही: खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम. त्यांना जोडूनच पाचवा प्रश्न विचार, तंबाखूचा. दरवेळी विचार, प्रत्येकाला विचार.

एप्रिल २००४ मध्ये सरकारी एआरटी सुरू झाली, तेव्हा समोरचा माणूस दिवाळी बघेल की नाही याची खात्री नसायची. तेव्हा बिडीचा विषय कोण काढणार? पण आता टीएलडीची, म्हणजे एचआयव्हीच्या एकत्रित औषधांची, रोज एक गोळी घेऊन माणूस म्हातारा होतो. डेन्मार्कमध्ये एचआयव्हीचे उपचार चांगले आणि मोफत मिळतात. तिथल्या २०१३ च्या अभ्यासात पस्तिशीतल्या एचआयव्हीबाधित धूम्रपान करणाऱ्याची १२.३ वर्षं धूम्रपानानं खाल्ली, एचआयव्हीनं ५.१. शिवाय आपल्याकडे टीबी टपलेलाच असतो, आणि बिडी त्याला वाट करून देते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडणार नाही इतका खाली, गोळी कधी चुकलेली नाही, अशी माझी माणसं हार्ट अटॅकनं गेली, तोंडाच्या कॅन्सरनं गेली. ते अजून गिळवत नाही मला.

आणि हो, "सिगारेट ओढता का?" असं विचारू नकोस. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे होते ३.८ टक्के आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. बाई "नाही" म्हणेल आणि ते खरंही असेल, पण सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असेल. मशेरी, चुना-तंबाखू, बिडी, २०१२ पासून बंदी असूनही टपरीवर मिळणारा गुटखा, एकेकाचं नाव घेऊन विचार.

मला पिरपिरी म्हणायचे. म्हणोत. एक डॉक्टर तर म्हणाले, अशानं पेशंट औषधालाच यायचे बंद होतील. औषध सोडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. दारूपायी सोडलं, ऊसतोडीला गेली म्हणून सुटलं, गावात कळेल या धास्तीनं सोडलं. तंबाखूचं विचारलं म्हणून पळालेला मला कुणी आठवत नाही. आपुलकीनं विचारणं आणि झापणं यातला फरक लोकांना बरोबर कळतो. त्यामुळे "परत सुरू केली ताई" म्हणाला, तर तोंड पाडू नकोस. पुढच्या वेळी पुन्हा विचार.

तो म्हणेल, बिडीनं टेन्शन जातं. त्याला समजावून सांग: बिडीनंच लावलेली तलफ बिडीनं भागते, तेवढाच तो आराम. पण त्याचं टेन्शन खोटं ठरवू नकोस. घरात ताट वेगळं झालंय त्याचं. त्यासाठी वेगळा वेळ काढ, झोप कशी आहे विचार, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का तेही विचार. घाबरू नकोस विचारायला.

सोडतो म्हणाला, की नुसती शाबासकी देऊन पाठवू नकोस. पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात, चिडचिड होते, झोप उडते, हे आधीच सांग. घरी कुणी बोलणारं असेल तर त्यांनाही सांग. निकोटीनच्या च्युइंगमचं टीएलडीशी वैर नाही, पण तो सावकाश चावून गालात दाबून ठेवायचा असतो. साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला की उचक्या लागतात, मळमळतं, आणि लोक दुसऱ्या दिवशी फेकून देतात. तंबाखू सोडायला देतात ती ब्युप्रोपिऑनसारखी गोळी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे. नंबर नुसता लिहून देऊ नकोस, तुझ्यासमोर बसवून त्याच्याच फोनवरून लावून दे.

डॉक्टर वेळ जातो म्हणून कुरकुरले, तर मला फोन जोडून दे. मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
ताई