वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हरची बिटे टिकत का नाहीत?

प्रश्न : स. न. वि. वि. मी खानापूर तालुक्यात सुतारकाम करतो. सागवानाच्या दारे-खिडक्यांबरोबर आता मॉड्युलर किचन आणि जिप्सम सीलिंगची कामेही घेतो. कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतल्यापासून त्याच्या तोंडात बसवून स्क्रू फिरवणाऱ्या बिटांचा खर्च फार वाढला आहे. काहींची टोके गोल होतात, तर काही मानेतून तुटतात. बेळगावातून सोनेरी मुलाम्याची महाग बिटे आणूनही फरक पडला नाही. टिकाऊ बिट कसे ओळखावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : टोक गोल होणे आणि मान तुटणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हींवर एकच उपाय केल्यास एक कमी होऊन दुसरे वाढण्याचा संभव असतो.

टोक गोल होण्याचे मुख्य कारण बहुधा बिट आणि स्क्रूची खाच यांचा न जमणारा मेळ हे असते. दुकानात ‘स्टार बिट’ मागितले की बहुतेक वेळा अधिक चिन्हासारख्या टोकाचे फिलिप्स पीएच 2 हातात पडते आणि जिप्समच्या काळ्या स्क्रूंना तेच लागते. परंतु मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांबरोबर येणारे स्क्रू पुष्कळदा पोझिड्राइव्ह, म्हणजे पीझेड 2 असतात. स्क्रूच्या डोक्यावर मुख्य चार खाचांच्या मधोमध चार बारीक रेषा दिसल्या, तर तो पोझिड्राइव्ह समजावा. त्यात फिलिप्स बिट शिरते, पण पूर्ण बसत नाही. ते डुगडुगते, घसरते आणि प्रत्येक घसरणीबरोबर स्वतःच्या कडा व स्क्रूची खाच दोन्ही खाते. फिलिप्सच्या पाकळ्या मुळातच उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की बिट बाहेर ढकलले जाते. पोझिड्राइव्हमध्ये हा उतार फारच कमी आणि सहा पाकळ्यांच्या टॉर्क्समध्ये जवळजवळ नसतो. निवड आपल्या हातात असेल, तर लांब स्क्रू टॉर्क्स खाचेचे घ्यावेत. बिटांचा निम्मा प्रश्न तेथेच मिटतो.

मान तुटण्याचा संबंध यंत्राशी आहे. इम्पॅक्ट ड्रायव्हर अडथळा आला की मिनिटाला तीन हजारांहून अधिक वेळा फिरत्या दिशेने ठोके देतो. 18 व्होल्टच्या साधारण यंत्राचे पिळण्याचे कमाल बळ (टॉर्क) 150 न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते; 4 मिमी जाडीच्या लाकडी स्क्रूला त्याचा अगदी लहान हिस्सा पुरतो. पोलाद जितके कडक करावे तितका त्याचा ठिसूळपणा वाढतो, ही गोष्ट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही कारखान्यातला जुना कामगार सांगेल. चांगल्या बिटांसाठी वापरले जाणारे एस 2 हे धक्के सोसणारे पोलाद साधारणतः 58 ते 62 एचआरसी (रॉकवेल हे कडकपणाचे माप) इतके कडक केलेले असते. ‘एक्स्ट्रा हार्ड’ असे छापलेले बिट साध्या ड्रिल ड्रायव्हरवर जास्त दिवस चालेल, परंतु इम्पॅक्टच्या ठोक्यांनी ते मानेत तुटण्याचीच शक्यता अधिक. इम्पॅक्टसाठीच्या बिटाची मान मुद्दाम बारीक ठेवलेली असते. ठोका बसताच ती किंचित पिळली जाऊन टोकावरचा ताण हलका करते. असे 50 मिमी लांबीचे बिट घ्यावे. बिट-होल्डरमध्ये बसणारे 25 मिमीचे आखूड बिट इम्पॅक्टवर लावल्यास तशी मान बहुधा मिळत नाही.

सोनेरी मुलाम्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. टायटॅनियम नायट्राइडचा खरा थर झीज थोडी कमी करतो, पण खालचे पोलाद सुमार असेल तर तो थर काय करणार? शिवाय पुष्कळ स्वस्त बिटांवर नुसता रंगच असतो. खाच आधीच खराब झालेले स्क्रू काढायचे असल्यास टोकावर हिऱ्याचे बारीक कण बसवलेले बिट मात्र उपयोगी पडते, कारण ते खाचेत घट्ट पकडते.

सागवानात 4 मिमीच्या स्क्रूसाठी आधी अडीच ते तीन मिमीचे छिद्र पाडून घ्यावे आणि आट्यांवर मेण लावावे. साबण लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण साबण ओलावा धरतो आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात स्क्रू गंजायला तेवढे निमित्त पुरते. जिप्समच्या कामाला इम्पॅक्ट वापरूच नये. क्लच (ठरावीक जोर आला की फिरवणे सोडून देणारी योजना) असलेला साधा ड्रायव्हर घ्यावा, म्हणजे स्क्रूचे डोके कागद फाडून आत जाणार नाही. टोकाच्या कडा चमकू लागल्या की ते बिट बाजूला काढावे, कारण झिजलेले बिट त्याच्या किमतीपेक्षा जास्त स्क्रू बिघडवते.

प्रश्न : पत्र्याच्या शेडचे स्क्रू बसवताना नट सेटर (षटकोनी डोके पकडून फिरवणारे पोकळ टोक) स्क्रूच्या डोक्यावरून निसटतो. नवीन घ्यावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी त्याच्या आत पाहावे. स्वतः भोक पाडणाऱ्या स्क्रूंचा लोखंडी कीस सेटरमधल्या चुंबकावर साठतो आणि मग 8 मिमीचे षटकोनी डोके पूर्ण आत जात नाही. मळलेली माती किंवा चिकटपट्टी आत दाबून ओढली की कीस निघून येतो. चुंबक बाहेर काढून पुसता येतो असे सेटरही मिळतात; रोज शेडचे काम असेल, तर तेच घ्यावेत. कीस काढूनही निसटत असेल, तर सेटरचे आतले कोपरे झिजले आहेत आणि तो बदलणेच योग्य. स्क्रू घट्ट करताना खालचा रबरी वॉशर डोक्याच्या कडेबाहेर फुगेपर्यंत आवळू नये. तसा चेचलेला वॉशर लवकर फाटतो आणि पहिल्या मोठ्या पावसात तेथूनच गळती सुरू होते.