ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन: दुष्परिणाम कोणते, आणि पहिल्या तीन डोसांना काय सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ५८ वर्षांच्या, दमा जुना, छातीच्या डॉक्टरांनी ओमॅलिझुमॅब ३०० मि.ग्रॅ. दर चार आठवड्यांनी सुचवलंय. दुष्परिणाम किती गंभीर असतात? कोथरूडच्या फॅमिली डॉक्टरांकडे टोचून लगेच स्कूटरवरून घरी आणलं तर चालेल का? कारण पूर्वी तिथेच 'अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं' घेतली, तेव्हा काही झालं नव्हतं.

दम्याच्या रुग्णांना ही इंजेक्शनं देणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. डोस ठरवणं, बदलणं, थांबवणं हे मात्र आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांचंच काम.

आधी तुमचा शेवटचा मुद्दा. पूर्वीची इंजेक्शनं सोसली, म्हणून हेही सोसेल असं धरू नका. आपल्याकडे दवाखान्यात 'अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा एविल (अ‍ॅलर्जीची खाज-गांधी दाबणारं औषध) आणि डेक्सा (एक स्टेरॉइड) असतं, दम लागला असेल तर सोबत श्वासनळ्या मोकळ्या करणारं डेरिफायलिन, आणि काही ठिकाणी ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे लांब टिकणारं स्टेरॉइड. एविलने झोप येते, डेरिफायलिनने छातीत धडधड आणि मळमळ. ट्रायअ‍ॅमसिनोलोनने महिनाभर फार बरं वाटतं, त्यामुळे लोक दर मोसमात ते मागून घेतात. वारंवार घेतलं तर साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होऊ शकतो, टोचलेल्या जागी खड्डा पडतो आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. गेल्या वर्षभरात अशी किती इंजेक्शनं झाली ते फॅमिली डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवा. ते का महत्त्वाचं आहे, ते पुढे येईलच.

ओमॅलिझुमॅब स्टेरॉइड नाही. रक्तातल्या आयजीई नावाच्या प्रथिनाला पकडून ठेवणारी ती अँटिबॉडी आहे. अमेरिकेत २००३ साली तिला मंजुरी मिळाली आणि २००७ मध्ये तिच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक इशारा छापला गेला. तो इशारा अ‍ॅनाफिलॅक्सिसचा, म्हणजे सगळ्या शरीरभर येणाऱ्या जिवावरच्या अ‍ॅलर्जिक प्रतिक्रियेचा आहे. तिचं प्रमाण साधारण हजारात एक ते दोन रुग्ण इतकं आहे. कमीच आहे, पण दिलासा मानून विसरून जाण्याइतकं नाही, कारण ती कधी येईल याचा नेम नसतो. २००६ अखेरपर्यंत नोंदवलेल्या प्रतिक्रियांपैकी सुमारे ३५ टक्के पहिल्या अर्ध्या तासात आणि आणखी १६ टक्के तासाभरात आल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच सहा तासांनंतर, काही तर दुसऱ्या दिवसानंतर. ३९ टक्के पहिल्या डोसला, १९ टक्के दुसऱ्या आणि १० टक्के तिसऱ्या डोसला. वर्षभर सुरळीत घेतल्यानंतर अचानक आल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणूनच पहिल्या तीन डोसांनंतर दोन तास तिथेच थांबायचं आणि पुढे दर वेळी किमान अर्धा तास, असा सल्ला तज्ज्ञ देतात. पुण्यातले बरेच दवाखाने एकच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळीच उघडतात. साडेबाराला इंजेक्शन घेतलं, की दोन तास बसायला ना जागा, ना डॉक्टर. पहिले तीन डोस रुग्णालयात किंवा डे-केअर असलेल्या ठिकाणीच घ्या आणि सकाळी नऊ-दहाची वेळ मागा. मग उशिरा येणारी प्रतिक्रिया आली तरी ती आई जाग्या असताना येण्याची शक्यता जास्त. शनिवार टाळा, दुसऱ्या दिवशी ओळखीचं कुणी फोनवर मिळत नाही. आणि स्कूटर नकोच. चक्कर आली तर मागे बसलेला माणूस चांदणी चौकाच्या गर्दीत सरळ खाली पडेल. रिक्षा किंवा कार करा आणि त्या रात्री आईंना एकटं ठेवू नका.

दम्याच्या रुग्णांत सगळ्यात मोठा घोळ होतो तो ओळखण्यात. या औषधाच्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये श्वासनळ्या आवळणं हे ठळक लक्षण असतं. घरच्यांना वाटतं, दमाच उसळला. मग पंप देतात, नेब्युलायझर लावतात आणि वाट बघत बसतात. त्यात जी वेळ जाते ती परत मिळत नाही. इंजेक्शननंतरच्या दिवसभरात धाप लागली तर लगेच चार गोष्टी बघा: अंगावर गांधी किंवा ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं किंवा घसा आवळणं, गरगरणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, आणि उलटी किंवा पोटात कळ. धापेबरोबर यातलं एक जरी असलं तरी अ‍ॅनाफिलॅक्सिस समजूनच वागा. १०८ ला फोन करा. आडवं झोपवून पाय वर घ्या. दम लागून झोपवत नसेल तर टेकवून बसवा, पण उठून चालायला लावू नका. बीपी कोसळलेलं असताना उभं राहणं धोक्याचं असतं.

औषध एकच, अ‍ॅड्रिनॅलिन. मोठ्या माणसाला १:१००० ताकदीचं ०.५ मि.लि., मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. फरक पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. एविल आणि डेक्सा त्याची जागा घेऊ शकत नाहीत: एविलने गांधी विरतात, पण घसा उघडत नाही आणि बीपी चढत नाही, स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. जिथे इंजेक्शन घ्याल तिथे आधीच विचारा, "अ‍ॅड्रिनॅलिनची अँप्यूल याच खोलीत आहे का? ऑक्सिजन आहे का?" विचारायला संकोच वाटतो, पण ज्या जागी याचं सरळ उत्तर मिळत नाही तिथे पहिला डोस घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. "आधी टेस्ट डोस देऊ, म्हणजे भीती नाही" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. थोडं टोचून पाहिल्याने या प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही.

बीपीसाठी किंवा हृदयासाठी आई अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. या गोळ्यांवर असताना अ‍ॅड्रिनॅलिन नीट लागू पडत नाही. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब तर दम्याला स्वतःच घातक ठरतात, आणि डोळ्यांचे थेंब औषधांच्या यादीत सांगायचे लोक हमखास विसरतात. मनाने काही बंद मात्र करू नका.

आता रोज दिसणारे त्रास. टोचलेल्या जागी लाली, दुखणं, खाज, गाठ. चाचण्यांमध्ये हे ४५ टक्के लोकांना झालं, पण औषधाविना नुसतं टोचलेल्यांतही ४३ टक्क्यांना झालं. बहुतेकांना तासाभरात सुरू होतं, आठवड्याभरात ओसरतं आणि पुढच्या डोसांना कमी होतं. कापडात गुंडाळून बर्फ लावा, चोळू नका. डोकेदुखी, थकवा, सांधे आखडणं हेही होतं आणि साध्या पॅरासिटामॉलवर निभावतं. पण एक ते पाच दिवसांनी ताप, सांधेदुखी, पुरळ आणि मानेत-काखेत गाठी सुजणं असं एकत्र आलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना भेटाच. ती वेगळी, उशिराची प्रतिक्रिया असते.

कर्करोगाबद्दल तुम्ही कुठे तरी वाचलंच असेल. सुरुवातीच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांमध्ये ०.५ टक्के आणि न घेणाऱ्यांमध्ये ०.२ टक्के असे आकडे आले होते. नंतर पाच वर्षांच्या मोठ्या पाहणीत दोन्ही गटांतलं प्रमाण सारखं निघालं. त्याच पाहणीत हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे त्रास किंचित जास्त दिसले, त्यामुळे आईंना पूर्वी हृदयविकाराचा किंवा अर्धांगवायूचा झटका येऊन गेला असेल तर ते आधी बोलून घ्या. पोटात जंत होण्याची शक्यताही थोडी वाढते. शंका असेल तर सुरुवातीलाच शौचाची तपासणी होऊ द्या.

आणि आता ते स्टेरॉइड. इंजेक्शन सुरू झालं, बरं वाटायला लागलं, की लोक गोळ्या आणि पंप सोडून देतात. कृपा करून असं होऊ देऊ नका. स्टेरॉइड एकदम तोडलं तर अंगात त्राण राहत नाही, बीपी उतरतं. क्वचित एखाद्याच्या बाबतीत स्टेरॉइडखाली दबलेला रक्तवाहिन्यांचा दाह उघडा पडतो: हातापायांना मुंग्या, पुरळ, धाप वाढणं, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढणं. दोष इंजेक्शनवर जातो, पण बहुधा तो आजार आधीपासून आत असतो. कमी करायचं तर आठवड्या-आठवड्याने, डॉक्टरांच्या हाताखाली. हे इंजेक्शन अटॅक आल्यावर उपयोगी पडत नाही, तेव्हा पंप जवळ हवाच. गुण आला की नाही हे साधारण १६ आठवड्यांनी ठरवतात, दोन डोसांत नाही.

उपचार चालू असताना एकूण आयजीई पुन्हा तपासू नका. औषधाला चिकटलेलं आयजीई रक्तात जास्त काळ राहतं, म्हणून आकडा वाढलेलाच येतो आणि घरात घबराट होते. औषध बंद केल्यावरही वर्षभरापर्यंत तो चढा राहू शकतो.

देताना होणाऱ्या चुकांबद्दलही सांगतो. पावडरची व्हायल (औषधाची छोटी बाटली) असेल तर १५० मि.ग्रॅ.साठी १.४ मि.लि. स्टराइल वॉटर लागतं, सलाईन चालत नाही. व्हायल हलवून फेस करायचा नाही, उभी ठेवून दर पाच मिनिटांनी ५ ते १० सेकंद हळू फिरवायची. विरघळायला १५-२० मिनिटं लागतात. ४० मिनिटांतही पूर्ण विरघळली नाही तर ती टाकून द्यायची. द्राव दाट असतो, टोचायलाच ५ ते १० सेकंद जातात. एका जागी १५० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त नाही, म्हणजे आईंना दोन वेगवेगळ्या जागी टोचलं जाईल. ते बरोबरच आहे, घाबरू नका.

औषध स्वतः आणत असाल तर ते २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. सदाशिव पेठेतल्या होलसेल दुकानातून आइस पॅकच्या डब्यात घ्या, बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नका आणि घरी फ्रीजरमध्ये ठेवू नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल तर आदल्या दिवशी आणून ठेवण्याऐवजी ज्या दिवशी टोचायचं त्याच दिवशी आणा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणी 'अ‍ॅलर्जीची लस', म्हणजे धूळ-परागांचा थोडा थोडा वाढता डोस सुचवला, तर तो प्रकार निराळा. तिथेही प्रत्येक वेळी अर्धा तास थांबायचं, आणि त्या दिवशी छाती वाजत असेल तर लस घ्यायचीच नाही. दिवाळीच्या धुरात हे विशेष पाळावं लागतं.

डोसच्या दिवशी व्हायलचं खोकं टाकू नका, बॅच नंबर कागदावर उतरवून ठेवा. काही गंभीर झालं तर डॉक्टरांना कळवाच, शिवाय औषधांचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर, १८००-१८०-३०२४, रुग्णाच्या घरचेही स्वतः तक्रार नोंदवू शकतात. तिथे बॅच नंबर विचारतात.