इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब लागले तर

ताई, वडिलांचा फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला सापडलाय, नाशिकमध्येच इम्युनोथेरपी सुरू करायचीय, आणि केमोसारखे हाल होतात का, असं तुम्ही विचारलंय. मी इंदिरानगरला राहतो. मलाही हाच आजार आहे, पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे १७ डोस झालेत.

आधी गाठीच्या तुकड्यावरच्या ईजीएफआर, एएलके (हे जनुकांतले बदल) आणि पीडी-एल१ (हे गाठीच्या पेशींवरचं प्रथिन) या तपासण्या झाल्यात का ते बघा. पहिल्या दोन्हींपैकी एक पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक वेळा आधी गोळ्या देतात. माझा पीडी-एल१ ७० टक्के होता, म्हणून केमोशिवाय भागलं.

दर तीन आठवड्यांनी अर्ध्या तासाचं सलाइन, बस्स. केस गेले नाहीत, उलट्या नाहीत. आणि तिथेच आम्ही गाफील राहिलो. हे औषध गाठीला थेट मारत नाही, गाठीने आपल्या प्रतिकारशक्तीला लावलेला ब्रेक काढतं. मग प्रतिकारशक्तीच्या पेशी कधी आपल्याच आतड्यावर, फुफ्फुसावर, लिव्हरवर उठतात. माझं थायरॉइड गेलंच, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतो. त्याचं काही वाटत नाही.

आतड्याचं मात्र जिवावर आलं होतं. पाचव्या डोसनंतर जुलाब लागले. पावसाळा होता, गोदेला पूर, नळाला गढूळ पाणी. सगळे म्हणाले, पाणी बाधलं. जवळच्या डॉक्टरांनी जुलाब थांबायच्या गोळ्या दिल्या. इम्युनोथेरपीचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी रक्त पडलं. रात्री अकराला बायकोने कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच आणा." स्टेरॉइड सुरू केले, मग सव्वा महिना थोडे थोडे कमी करत बंद केले. दोन डोस चुकले.

म्हणून वडील एरवी दिवसातून किती वेळा शौचाला जातात, हे आजच लिहून ठेवा. त्यात वाढ झाली, कोरडा खोकला, धाप, डोळे पिवळे किंवा उठवत नाही असा थकवा आला, तर घरगुती उपाय नकोत, थेट फोन. दाताच्या डॉक्टरांनाही इम्युनोथेरपी चालू आहे म्हणून सांगा. हा त्रास औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही उद्भवतो.

खर्चाचं: औषध कंपनीच्या मदत योजनेबद्दल पहिल्या डोसच्या आधीच विचारा. टाटा हॉस्पिटलने निवोलुमॅबचा (हेही इम्युनोथेरपीचंच औषध) फक्त २० मिलिग्रॅमचा डोस वापरून अभ्यास केला, तो तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी होता. फुफ्फुसाला तो चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

वडिलांना माझ्याशी बोलावंसं वाटलं तर मला मेसेज करा. डोसच्या दुसऱ्या दिवशीही मी बोलू शकतो.