चिठ्ठी पर्समधून बाहेर काढा

*ताई, मी ४६ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. चार वर्षं कंबर दुखतेय. एमआरआय, गोळ्या, शेक, व्यायाम, सगळं झालं. ऑपरेशनची गरज नाही म्हणतात. आता हाडांच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिलीय. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगतच होते, मनाचे खेळ आहेत." महिना झाला, चिठ्ठी पर्समध्येच आहे. मी काय नाटक करते का? – सातारा*

तुमची कंबर दुखते. हे आधी सांगते, कारण चार वर्षांत तुम्हाला हे फारसं कुणी म्हटलेलं दिसत नाही. आणि दोन मिनिटं समजावून न सांगता चिठ्ठी हातात ठेवली असेल, तर डॉक्टरांचंही चुकलंच.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं वेगळं वागतं. मूळ इजा भरली तरी मज्जासंस्था पहाऱ्यावरच राहते, साधं वाकणंही तिला धोक्याचं वाटतं. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच मांडलं होतं, की मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि मेंदूकडून येणारे संदेश ते उघडतात, मिटतात. अपुरी झोप, उद्या उठता येईल ना ही धास्ती, यांनी दुखणं खरोखरच वाढतं. म्हणून मनाचा डॉक्टर. दुखणं खोटं आहे म्हणून नव्हे.

तिथे काय होतं? बरं वाटलं त्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हे तुमच्याकडेही होत असणार. काम थोडं थोडं, ठरवून कसं करायचं, भीती असतानाही हालचाल कशी वाढवायची, हे तिथे शिकवतात. डुलोक्सेटिनसारखी गोळी दिली तर दचकू नका. नैराश्यावरची ती गोळी जुनाट दुखण्यावरही देतात.

आधी हाडांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "तुम्ही माझे उपचार चालू ठेवणार ना?" आजवर काय काय केलं ते चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. खाजगी फी जड वाटली तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

पहिल्या भेटीला मिस्टरांना बरोबर न्या. सासूबाईंना काय सांगायचं ते मिस्टरांनीच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं, ते ओझंही तुम्ही एकटीने कशाला वाहायचं?

आणि हे लक्षात ठेवा, पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर कुठल्याही चिठ्ठीची वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.