रुपयांत पैसे भरले, तरी परकीय व्यवहाराचे शुल्क?

प्रश्न: युरोपातल्या एका हॉटेलचे बुकिंग मी त्यांच्या वेबसाइटवर क्रेडिट कार्डाने केले. किंमत 480 युरो होती, पण पैसे भरताना 48,000 रुपये दिसले, तेच भरले. स्टेटमेंटमध्ये त्याखाली 480 रुपये मार्कअप (परकीय व्यवहारावरचे बँकेचे शुल्क) आणि 86.40 रुपये जीएसटी आहे. बुकिंग रद्द केल्यावर 46,750 रुपयेच परत आले. बँक म्हणते, सगळे नियमाप्रमाणे आहे. पैसे मिळतील का? तोवर बिल थांबवू का?

उत्तर: बिल अजिबात थांबवू नका. पूर्ण रक्कम भरली नाही, तर व्याजमुक्त मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही व्याज चढते. पैसे भरा आणि त्याच दिवशी बँकेला ईमेल करा: ‘ही रक्कम मला मान्य नाही, तक्रार कायम ठेवून भरत आहे.’

आता मूळ मुद्दा. व्यवहार देशी की परदेशी, हे चलनावर नव्हे, तर विक्रेत्याची नोंदणी कुठे आहे त्यावर ठरते. तुमच्या बाबतीत युरोचे रुपये विक्रेत्याच्या बाजूनेच झाले. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, म्हणजे डीसीसी म्हणतात. तिथला दर 100 रुपये पडला. त्या दिवशी कार्ड नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) दर समजा 96 असेल, तर 1,920 रुपये रूपांतरातच गेले, आणि ते स्टेटमेंटमध्ये कुठेच दिसत नाहीत. खरा खड्डा बहुधा इथेच असतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड आपले त्या-त्या तारखेचे दर वेबसाइटवर देतात, ताडून पाहा.

बँकेचा 1 टक्का मार्कअप मात्र वेगळा. अनेक बँका परदेशी विक्रेत्याकडच्या रुपयांतल्या व्यवहारावर तो लावतात, वर 18 टक्के जीएसटी. पण रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक नियमांनुसार, कार्ड देताना स्पष्ट न सांगितलेले शुल्क ग्राहकाच्या संमतीशिवाय लावता येत नाही, आणि शुल्क बदलायचे तर किमान एक महिना आधी कळवावे लागते. म्हणून बँकेला विचारायचे ते इतकेच: हे शुल्क माझ्या कार्डाच्या अटींत कोणत्या कलमात आहे, आणि मला कधी कळवले? बिलाच्या तक्रारीवर 30 दिवसांत खुलासा करणे बँकेवर बंधनकारक आहे. कलम दाखवले, तर 566.40 रुपयांचा नाद सोडा.

डीसीसीबाबत तुमची बाजू पर्यायावर अवलंबून आहे. युरो की रुपये, हे निवडायची मुभा ग्राहकाला द्यावी, असे नेटवर्कचे नियम सांगतात. तुम्हाला ती दिलीच नसेल, तर बँकेत चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत, मागा. त्याची मुदत मर्यादित असते, म्हणून लगेच. सोबत बुकिंगचा ईमेल, युरोची किंमत आणि पैसे भरतानाचा स्क्रीनशॉट जोडा. रुपयांचा पर्याय तुम्ही स्वतःच निवडला असेल, तर दावा लंगडा पडतो.

परताव्यातले 1,250 रुपये बहुधा दराच्या फरकाने गेले, कारण परतावा त्या दिवसाच्या दराने होतो. त्यासाठी बँकेला धरून उपयोग नाही. मात्र हॉटेलच्या पुष्टीपत्रात 48,000 रुपये आणि ‘पूर्ण परतावा’ असे दोन्ही लिहिले असेल, तर फरक हॉटेलकडे लेखी मागा. रुपये घेण्याचे त्यांनीच ठरवले होते. कापलेला मार्कअप बँका सहसा परत देत नाहीत, तरी अर्जात तोही मागा.

30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे: मुदत दोन वर्षे, तुमच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. बँकेला कलमच दाखवता आले नाही, तरच तिथवर जा.