स्पेनमध्ये ग्रानादाला शिकायला गेल्यावर रोजचा दिवस कसा जातो?

सप्टेंबरपासून तुम्ही ग्रानादात मास्टर्स करणार आहात आणि तिथे रुळायला काय करावं, असं विचारलंय. मी तिथेच शिकले आहे. माझा पहिला सल्ला एकच: आपलं वेळापत्रक इथेच सोडून जा.

स्पेन नकाशावर ब्रिटनच्या रेषेत आहे, पण 1940पासून घड्याळ मध्य युरोपचं चालवतो. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा दुपारचे सव्वादोन झालेले असतात आणि जूनमध्ये साडेनऊनंतर मावळतो. सगळा दिवसच पुढे सरकलेला. सकाळी दहा-अकराला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलेला टोस्ट आणि कॉफी, जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊ-दहाला. दोन ते पाच छोटी दुकानं बंद, रविवारी तर बहुतेक सगळीच बंद, म्हणून किराणा शनिवारीच भरायचा. साडेबाराला जेवायचा हट्ट धरलात तर कायम एकटं जेवावं लागेल, आणि ओळखी होतात त्या जेवणाच्या टेबलावरच. घरी फोन दुपारच्या जेवणानंतर करा. हिवाळ्यात तिथे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसात झालेले असतात.

ग्रानादाची खास गोष्ट म्हणजे पेय मागवलं की सोबत तापा, म्हणजे खाण्याची छोटी डिश, फुकट येतो, साध्या सरबतावरसुद्धा. विद्यार्थ्यांची संध्याकाळ त्यावर निघते. तुम्ही शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण मग टूना येतो. हामोन (डुकराचं खारवलेलं मांस) आणि मासे दोन्ही नकोत, असं स्पष्ट सांगा. वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीबरोबर देतात, ते जरूर खा. घरच्या स्वयंपाकाची अजिबात चिंता नको. मसूर आणि उकडलेले काबुली चणे कुठल्याही सुपरमार्केटात स्वस्त मिळतात, कोथिंबीर आणि जिरं मोरोक्कन दुकानात.

विद्यापीठ 1531चं, पण शहरभर विखुरलेलं. कार्तुहाची टेकडी, फुएन्तेनुएवाचा परिसर, जुन्या शहरातला कायदा विभाग, सगळीकडे चालत जाता येतं. प्राध्यापकांना पहिल्या नावाने आणि एकेरीत हाक मारतात. मला ते जमायला वेळ लागला, पण त्यामुळे शंका विचारणं फार सोपं झालं. गुण दहापैकी, पास व्हायला पाच. वर्षभराच्या कामालाही गुण असतात, तेव्हा शेवटच्या महिन्यावर भिस्त ठेवू नका.

भाषेबद्दल एक सांगते. पुस्तकी स्पॅनिश शिकून गेलात तरी पहिले काही आठवडे काहीच कळणार नाही. आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या दक्षिणेकडच्या प्रांतात आहे तिथे, शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. 'मास ओ मेनोस'चं (म्हणजे 'कमी-जास्त') 'मा ओ मेनो' होतं. घाबरू नका, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घोळक्यात लपू नका. शक्य असेल तर स्पॅनिश मुलामुलींसोबतच फ्लॅट घ्या. माझी भाषा वर्गात नाही, ओट्याजवळ सुधारली.

थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. दक्षिण स्पेन म्हणजे ऊन, असं वाटतं. पण शहर सुमारे 700 मीटर उंचीवर आहे आणि सिएरा नेवादा डोंगररांगेवरचा बर्फ रस्त्यातून दिसतो. जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ जातो आणि जुन्या घरांना फरशी असते, हीटिंग नसतं. तिथे 'मेसा कामिया' असते: जाड कापड घातलेलं गोल टेबल, खाली शेगडी. सगळे त्यात पाय घालून अभ्यास करतात, गप्पा मारतात. सुरेख प्रकार आहे, पण उठलं की पुन्हा गारठा.

म्हणून फ्लॅटचे पैसे इथूनच भरू नका. तिथे जाऊन बघा, हीटिंग आहे का विचारा, आणि घरमालक नगरपालिकेत पत्त्याची नोंद करू देईल का, हेही आधीच विचारून घ्या. व्हिसा सहा महिन्यांहून जास्त असेल तर पोहोचल्यापासून महिन्याभरात पोलिसांकडे विदेशी ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. त्याची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती लवकर मिळत नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मागे लागा.